जर्मनीला आमच्या बोल्टचा कार्बन पाहिजे, पण आमच्या नाल्याचं कोणीच विचारत नाही. व्यापार करारात पर्यावरण घालावं की नाही?

हिंगणा_वर्कशॉप

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचून राहिलो, लिहायची ही पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी हिंगणा एमआयडीसीत नट-बोल्टच्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटी पाहतो. चौतीस माणसं, दोन शिफ्ट. आमचा माल पुण्याच्या एका एक्स्पोर्टरकडे जातो, तिथून जर्मनीला. गेल्या महिन्यात तिकडून एक एक्सेल शीट आली, अकरा पानं, आणि आठवड्यात भरून द्या म्हणून फोनावर फोन. वायर रॉड (बोल्ट बनवायची पोलादी सळई) कोणत्या मिलचा, ती मिल ब्लास्ट फर्नेसवाली की स्क्रॅप वितळवणारी, टनामागे किती कार्बन डायऑक्साइड, आमची हीट ट्रीटमेंटची भट्टी गॅसवर की तेलावर, महिन्याला वीज किती युनिट. तीन रात्री बसून भरली. मिलवाल्याला त्याचा आकडा विचारला तर म्हणे तुम्ही महिन्याला बारा टन घेता, तुमच्यासाठी मी कुठे हिशोब काढत बसू.

ते जाऊ द्या, खरी गोष्ट वेगळीच आहे. आमचे बोल्ट झिंक प्लेटिंगला बाहेर जॉबवर्कला जातात आणि त्या प्लेटिंगवाल्याच्या शेडमागे एक नाला आहे. मागच्या गुरुवारी लॉट चेक करायला गेलो होतो. बॅरल टाकीतून वर येतं, निथळतं, मग धुवायच्या टाकीत, मग परत दुसऱ्या टाकीत, आणि ते धुण्याचं पाणी सिमेंटच्या नालीतून सरळ मागे. नाल्याकाठच्या दगडांवर पिवळट हिरवा थर बसलाय, बोट लावलं तर चिकट. तिथून वीस पावलांवर एक बाई म्हशी धूत होती. त्या अकरा पानांत या नाल्यासाठी एकही रकाना नाही.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. इकडे एकामागून एक करार होऊन राहिले. स्वित्झर्लंड-नॉर्वेवाल्या चार देशांच्या गटाशी १० मार्च २०२४ ला सही झाली तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला सही झाली. पहिल्यात म्हणे शाश्वत विकासाच्या नावाने आणि दुसऱ्यात थेट पर्यावरणाचा वेगळा अध्याय आहे. मग हे अध्याय कोणाचं पर्यावरण वाचवायला आहेत, त्यांचं की आपलं? आपल्यासारख्या देशाने अशा अटी मान्य कराव्यात की ठाम नाही म्हणावं? आणि मान्य केल्या तर खर्च कोणी सोसायचा, आमच्यासारख्या चौतीस माणसांच्या शेडने? नाही म्हटलं तर मग त्या म्हशीवाल्या बाईचं काय? ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी जरा सांगा, मला खरंच समजून घ्यायचं आहे.


अजनी_कंटेनर

भाऊ, मी बावीस वर्षं कस्टम क्लिअरिंगमध्ये आहे, त्यामुळे सरळच सांगतो. करारात पर्यावरण घालू नये. कारण सोपं आहे, ड्युटी शून्य केली की मग माल अडवायला दुसरं काहीतरी लागतं आणि ते दुसरं काहीतरी म्हणजे हेच. दाराची कडी काढायची आणि उंबरठा वाढवायचा.

२०१० सालचं द्राक्षांचं आठवून पाहा. क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे वेलीची वाढ आवरायला फवारतात त्या रसायनाचा, अंश सापडला म्हणून महाराष्ट्राच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. बागायतदाराला कोणी आधी सांगितलं नव्हतं की हे तपासणार म्हणून, माल बोटीत चढला, तिकडे पोचला आणि मग कळलं. मुंबई-नाशिकची आमच्या लाइनची माणसं दिवसरात्र फोनवर होती. ज्यांनी कर्ज काढून माल पाठवला होता ते त्यात बुडाले.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या, तुमची ती शीट कराराची नाहीच. तो युरोपचा स्वतःचा कायदा आहे, सीबॅम म्हणतात, कार्बनचा सीमेवरचा कर. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा हिशोब सुरू झाला. पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन, वीज, एवढं त्यात येतं आणि नट-बोल्टही येतात. ब्रिटनचा असाच कर १ जानेवारी २०२७ पासून आहे. म्हणजे करार करून ड्युटी वाचवायची आणि तीच वाचलेली ड्युटी कार्बनच्या नावाने परत द्यायची. तुमच्याकडून युरोपातला जो आयातदार माल घेतो तो वर्षाला असा माल एकूण ५० टनांपेक्षा कमी आणत असेल तर त्याला सूट आहे, ते आधी विचारून घ्या. आणि आकडे नाही दिले तर ते आपले ठरलेले आकडे लावतात, वरून त्यात भर घालतात, म्हणून शीट भरलीत ते बरंच केलंत.


कायदा_शिकवते

अजनीवाल्या काकांचा राग समजतो, पण पूर्ण पटत नाही. थोडं मागचं सांगते.

१९९० च्या दशकात अमेरिकेने नियम केला होता की कोळंबी पकडताना समुद्री कासवं जाळ्यात अडकून मरू नयेत म्हणून जाळ्याला कासव निसटायची झडप हवी, नसेल त्या देशाची कोळंबी आम्ही घेणार नाही. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ मध्ये निकाल आपल्या बाजूने लागला, पण का लागला ते वाचण्यासारखं आहे. कासव वाचवायचा अमेरिकेला हक्क नाही असं निकालात म्हटलेलंच नाही. म्हटलंय ते असं की कॅरिबियनमधल्या देशांना तुम्ही तीन वर्षांची मुदत दिली, तंत्र शिकवलं, आणि आशियातल्या देशांना चार महिन्यांत करा म्हणालात, हा भेदभाव आहे. पुढे अमेरिकेने वागणूक सुधारली आणि २००१ मध्ये मलेशियाने पुन्हा तक्रार केली तेव्हा तोच नियम टिकला.

मला वर्गात हे शिकवताना नेहमी वाटतं की आपल्या देशाने मागायचं काय हे त्या एका निकालात लिहून ठेवलंय. अट नको असं नाही. मुदत द्या, तंत्र द्या, सगळ्यांना एकच माप लावा. काका म्हणाले तशी द्राक्षं बोटीत चढल्यावर अट सांगितली जाते तेव्हा भांडायचं ते याच मुद्द्यावर.

उलटी बाजू पण आहे. आपण राष्ट्रीय सौर मोहिमेत अट घातली होती की सोलार सेल आणि पॅनेल इथे बनलेले वापरा. अमेरिकेने २०१३ मध्ये तक्रार केली आणि २०१६ मध्ये आपण अपिलातही हरलो. आपण सांगत होतो की हे स्वच्छ ऊर्जेसाठी, हवामानासाठी आहे, ते ऐकलं गेलं नाही. म्हणजे पर्यावरणासाठी तुम्ही स्वतःच्या घरात काय करू शकता यालाही व्यापाराचा नियम आडवा येतो, आणि मला करारातल्या गोड अध्यायापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही ज्या दोन करारांचं लिहिलंय त्यातल्या पर्यावरणाच्या अध्यायांना दात नाहीत. ते मोडले तर कराराच्या तंटा निवारणात जाता येत नाही, चर्चा करायची आणि समितीत मांडायचं एवढंच. हे आपणच आग्रहाने तसं ठेवून घेतलंय. त्यामुळे तुमच्या नाल्याचं उत्तर त्या अध्यायात सापडणार नाही.


काटोलचा_संत्रा

मी काटोलकडचा, ४ एकर संत्रा. तुमी सगळे युरोप-युरोप करून राहिले, आमचा करार जवळचा हाये, बांगलादेशाचा. साफ्टा का काय म्हणतात तो, २००४ मध्ये इस्लामाबादले सही झाली अन् २००६ पासून सुरू झाला, सार्क देशांचा. त्याच्यात पर्यावरणाचा वेगळा अध्याय नाई, काईच नाई, मंग तिथं तं सगळं सुरळीत पाह्यजे होतं ना? ऐका काय झालं ते.

आपल्या संत्र्याचं सगळ्यात मोठं बाहेरचं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. माल गेला की नागपूरच्या कळमना बाजारात भाव वर, माल थांबला की भाव खाली, इतकं सोपं गणित. ते गिऱ्हाईक चांगलं होतं तवा आमच्या भागात, वरुड-मोर्शीकडे तं जास्तच, सगळ्याईनं झाडं वाढवली. झाडाले पाणी लागते. मोठ्या झाडाले उन्हाळ्यात दिवसाले शंभरेक लिटर धरा, ड्रीपवर. आमच्या वडलाईच्या टायमाले विहिरीत बाराही महिने पाणी होतं, मोट चालायची तं सकाळी पाणी काढलं की संध्याकाळी परत भरून यायचं. मंग बोर मारले. पयला दीडशे फुटाले लागला. दुसरा चारशे. शेवटचा मी २०१८ ले मारला, साडेसातशे फूट, मशीनवाला रात्रभर चालवत होता अन् पहाटे पाईपातून नुसती पांढरी भुकटी उडून राहिली, सगळ्या आंगणात, गोठ्यात, आमच्या आईच्या तुळशीवर. पाणी नाईच लागलं. आजही तो पाईप तसाच उभा हाये बांधावर.

वरुड अन् मोर्शी सरकारच्याच यादीत अतिउपशाचे तालुके हायेत. अन् भूजलाचा कायदा हाये महाराष्ट्राचा, २००९ चा, २०१४ पासून लागू, त्यात ६० मीटरच्या खाली खोल बोर शेतीले मारायले बंदी हाये. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्याकडे दोनशे फुटावर कोणाचा बोर हाये ते मले दाखवा.

तेवढ्यात बांगलादेशानं ड्युटी वाढवली. २०१९ च्या आसपास किलोमागे वीसेक रुपये होती ती दरवर्षी वाढत वाढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर नेली. करार हाये ना? हाये. पण ज्या मालाले सूट द्यायची नाई त्याची यादी बाजूले ठेवता येते, वरून येगयेगळ्या नावाचे कर लावता येतात. संत्रं ८८ रुपये ड्युटी भरून कोण खाईन बाप्पा. सरकारनं त्या वर्षी निर्यातीले किलोमागे ४४ रुपये अनुदान जाहीर केलं तवर हंगाम निघून चालला होता.

आता सांगा, बाजार गेला तो परत येईन एखाद्या वर्षी. ते सातशे फुटाचं पाणी परत येणार नाई. मी एकशे चाळीस झाडं तोडली मागच्या उन्हाळ्यात, माह्या हातानं, पंधरा वर्षांची झाडं. म्हणून मले वाटते करारात पर्यावरण घाला का नका घालू, पण करार करतानी हे कोणीतरी मोजलं पाह्यजे होतं का हा माल वाढला तं कोणत्या गावचं पाणी किती खाली जाईन. संत्रं बाहेर जाते म्हणजे आमचं पाणीच बाहेर जाते ना जी, त्याचा भाव कोणत्या कागदावर लिहिला हाये?


हिंगणा_वर्कशॉप

दादा, तुमचं वाचून काही वेळ काही लिहावंसंच वाटलं नाही. माझे मामा सावनेरकडे आहेत, त्यांच्याकडेही हेच.

कायदा शिकवणाऱ्या ताई, एक विचारतो. दात नाहीत म्हणता ते आपल्या भल्यासाठी की नुकसानीसाठी? कारण मला हे समजत नाहीये की आपणच दात काढून घेतले तर मग आपण कुरकुर कशाची करतोय.


कायदा_शिकवते

चांगला प्रश्न आहे आणि मी स्वतः यावर दोन्ही बाजूंनी विचार बदलून झालाय.

दात असले तर ते कोणाला चावतात हे मेक्सिकोत दिसलं. उत्तर अमेरिकेचा करार १९९४ पासून लागू होता, त्याच्या जोडीला पर्यावरणाचा वेगळा करारही होता. एका अमेरिकन कंपनीला, मेटलक्लॅड नाव तिचं, मेक्सिकोतल्या सान लुईस पोटोसी राज्यात घातक कचऱ्याची जमीनभरणी सुरू करायची होती. केंद्राने हो म्हटलं, पण गावच्या नगरपालिकेने बांधकामाचा परवाना नाकारला आणि पुढे राज्याच्या गव्हर्नरने तो भाग संरक्षित जाहीर केला. कंपनी लवादात गेली आणि २००० साली लवादाने मेक्सिकोला सुमारे १.६७ कोटी डॉलर भरायला सांगितले. म्हणजे पर्यावरणाच्या करारातून त्या गावाला काही मिळालं नाही आणि गुंतवणुकीच्या कलमातून कंपनीला पैसे मिळाले. दात होते ते गुंतवणुकीच्या कलमाला, जोडीच्या पर्यावरण कराराचा गावाला उपयोग झाला नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की पर्यावरणाचा अध्याय शेवटी वाचा. आधी गुंतवणुकीचं संरक्षण वाचा, मग अपवादांचं कलम वाचा. माणूस, प्राणी, वनस्पती यांचा जीव आणि संपणारी नैसर्गिक साधनं वाचवायला सरकारने नियम केला तर तो कराराचा भंग धरायचा नाही, असं अपवादाचं कलम जागतिक व्यापाराच्या १९४७ च्या मूळ गॅट करारापासून आहे. ते जितकं भक्कम तितकं काटोलच्या दादांचं साठ मीटरचं कलम उद्या कोणी बाहेरचा पाडू शकणार नाही. माझ्या मते भारताने अडून बसायला हवं ते इथे. आपला नियम कडक करायची मोकळीक आपल्याकडे राहिली पाहिजे.

पण ती मोकळीक ठेवून आपण करतो काय, तर साडेसातशे फुटांचे बोर होऊ देतो. हे करार करणाऱ्यांच्या माथी नाही मारता येत.


राख_आणि_अंगण

मी नागपूरच्या उत्तरेला राहते, कोळशावरच्या एका वीज केंद्राच्या जवळ. नाव घेत नाही. सकाळी अंगण झाडलं की सुपडीत माती कमी आणि राख जास्त असते, करडी, बारीक, ओली झाली की सिमेंटसारखी चिकटते. वाळवणं आम्ही गच्चीवर घालतच नाही, सासूबाई पापड करायच्या ते बंद होऊन आठ वर्षं झाली. मुलाला हिवाळ्यात नेब्युलायझर लागतो.

हिंगण्याच्या दादांनी लिहिलं की शीटमध्ये विजेचे युनिट विचारलेत. मला वाचून बरं वाटलं होतं की चला, कोणीतरी बाहेरून तरी आमच्या राखेचं मोजतंय. मग माझ्या भावाने, तो पोलादाच्या कंपनीत आहे, सांगितलं की पोलादाला आणि नट-बोल्टला पैसे लावताना ते विजेचा धूर धरतच नाहीत, फक्त भट्टीतून थेट निघतो तो धरतात. विजेचा फक्त सिमेंट आणि खताला धरतात. हे खरं आहे का? खरं असेल तर मला एवढंच म्हणायचंय की कार्बन त्यांच्या आभाळात पण जातो म्हणून तो मोजला, राख आमच्या अंगणातच पडते म्हणून तिला कोणी विचारत नाही. वीज पुण्या-मुंबईकडे जाते, माल जर्मनीला जातो, आणि राख इथेच.

मी कराराच्या विरोधात नाही. माझा नवरा बुटीबोरीला कामाला आहे, ऑर्डर आल्या तरच त्याचा पगार. पण त्या अकरा पानांत आमच्यासाठी बारावं पान असायला पाहिजे होतं.


अजनी_कंटेनर

ताई, तुमच्या भावाने बरोबर सांगितलं. पोलादाला थेट उत्सर्जनच धरतात. म्हणजे हिंगण्याच्या भाऊंनी शेडवर सोलार लावलं तर लाइट बिल कमी होईल, तुमच्या बाजूचा कोळसा तेवढा वाचेल, पण सीबॅममध्ये त्याचा एक पैसा फायदा नाही. फरक पडेल तो वायर रॉडमुळे. आपल्याकडे पोलादाच्या टनामागे सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी त्याहून कमी आहे. अडीच टन आणि कार्बनचा टनाला सत्तर युरो भाव धरला तर पोलादाच्या टनाला १७५ युरो, सतरा-अठरा हजार रुपये. आज एवढा लागत नाही, कारण युरोपातल्या कारखान्यांना मिळणारी मोफत सूट हळूहळू कमी करत २०३४ ला शून्य करणार आहेत आणि तसतसा आपल्यावरचा भार चढणार. पण स्क्रॅप वितळवणाऱ्या मिलचा रॉड घेतला तर हा आकडा बराच खाली येतो, म्हणून मिलवाल्याकडून आकडा काढाच, सोडू नका. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीन स्टीलची व्याख्या केली आहे, टनामागे २.२ टनांच्या आत असेल तर, तेव्हा तसं सर्टिफिकेट आहे का ते विचारा.

आणि नाल्याबद्दल मला एक आठवलं म्हणून सांगतो, माझ्याच बोलण्याच्या विरुद्ध जातंय पण खरं आहे ते खरं. युरोपने गाड्यांच्या पार्टवर हेक्झा क्रोम चालणार नाही असा नियम केला, १ जुलै २००७ पासून. त्याआधी आमच्याकडून जाणारे बोल्ट सगळे यलो झिंकचे असायचे, सोन्यासारखे चमकायचे, ते पिवळं म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, त्याने कॅन्सर होतो. नियम आला तशी ऑटोची लाइन ट्रायव्हॅलंटवर, म्हणजे कमी घातक क्रोमवर, गेली, प्लेटिंगवाल्यांनी खूप आरडाओरडा केला, महाग पडतं, चमक येत नाही, आणि दोन वर्षांत सगळे शिकले. तो नियम त्यांनी त्यांच्या भंगार गाड्यांच्या विल्हेवाटीसाठी केला होता, आपल्या नाल्यासाठी नाही. पण ज्या टाकीत हेक्झा नाही तिचं पाणी नाल्यात गेलं तरी त्यात हेक्झा नसणार. भाऊ, तुम्ही सांगितलेला तो पिवळट थर, तुमचा प्लेटिंगवाला घरच्या मार्केटच्या मालाला अजून जुनंच केमिकल वापरतो का ते पाहा. बाहेर जाणाऱ्या मालाला एक टाकी आणि इथल्या मालाला दुसरी, असं मी पाहिलंय.


इतवारी_तेल

थोडं वेगळं. आपण फक्त विकणारे म्हणून बोलून राहिलो, आपण घेणारे पण आहोत. पाम तेल. जगात सगळ्यात जास्त आपणच आयात करतो, इंडोनेशिया-मलेशियातून. आसियानबरोबरचा करार २०१० पासून, त्याच करारामुळे १ जानेवारी २०२० ला कच्च्या पामची ड्युटी ४० वरून ३७.५ आणि रिफाइंडची ५० वरून ४५ टक्के करावी लागली. ड्युटी खाली आली की इतवारीत तेलाचा डबा उतरतो आणि तिकडे सोयाबीनचा भाव बसतो, हे मी दुकानात बसून पाहतो, ज्याच्याकडून सोयाबीन येतं तोच शेतकरी डबा घ्यायला पण येतो.

तिकडे त्या तेलासाठी जंगलं जाळून पामच्या बागा झाल्यात हे सगळ्या जगाला माहीत आहे. आपण त्या करारात त्यांना जंगलाबद्दल काय विचारलं? युरोप आता विचारतोय, पाम आणि सोया दोन्हीला, ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जंगलाच्या जमिनीवर पिकलेलं नको म्हणून. तो नियम दोनदा पुढे ढकलला त्यांनी, पण येणार आहे. आपल्या विदर्भातलं सोयाबीन जुन्या शेतांवरचं आहे, जंगल तोडून केलेलं नाही आणि जीएम पण नाही, तर ती अट आपल्याला फायद्याची पण ठरू शकते, शेताचे नकाशे आणि नोंदी नीट असल्या तर. प्रत्येक अट आपल्या विरोधातच असते असं काही नाही.


काटोलचा_संत्रा

इतवारीवाले भाऊ बरोबर बोलले. पण नोंदी ठेवायले कोण शिकवणार? आमच्या गावात सातबारावर अजून मेलेल्या आज्याचं नाव हाये. जे कराराले सही करतात त्याईनं तलाठ्याले अन् कृषी सहायकाले पण कामाले लावावं, मंग होईन.

ताईले सांगतो, माह्या बोरवरून मले बोलल्या ते खरं हाये, राग नाई. पण एक सांगा, शेजारी साडेसातशे फूट मारते अन् मी दोनशेवर थांबलो तं माही बाग वाळते अन् त्याची राहते. एकट्यानं नाई थांबता येत. पूर्ण पाणलोटाले एक हिशोब लागते, कोणाची किती झाडं अन् किती पाणी.


कायदा_शिकवते

दादा, एकट्याने थांबता येत नाही हे अगदी मान्य, आणि देशांचंही नेमकं हेच होतं. एका देशाने नियम कडक केला की कारखाना शेजारच्या देशात जातो ही भीती सगळ्यांना असते, म्हणून प्रत्येक जण साडेसातशे फूट मारत बसतो. शेजाऱ्यांनी मिळून एक खोली ठरवावी, याच एका कारणासाठी मला करारात पर्यावरण हवंसं वाटतं. साफ्टासारख्या करारात भारत, बांगलादेश, नेपाळ यांनी मिळून टॅनरीच्या, रंगाईच्या, प्लेटिंगच्या पाण्याचं एक किमान माप ठरवलं असतं तर ते युरोपने लादलेलं नसतं, आपल्या नद्यांचं असतं. आपले प्रश्न आणि पैसे दोन्ही सारखे आहेत. २०१९ च्या ४ नोव्हेंबरला बँकॉकमध्ये आपण आरसेपमधून, म्हणजे चीन आणि आसियान वगैरे देशांच्या मोठ्या व्यापार करारातून, बाहेर पडलो तेव्हा दूध, पोलाद, चीनचा माल यावर देशभर चर्चा झाली, पाण्यावर मी एक लेख वाचल्याचं आठवत नाही.

दादांच्या पाणलोटाच्या हिशोबाची तरतूद भूजल कायद्यात आहे, गावांची पाणलोट समिती नेमून उपशाचा आराखडा करायची. तुमच्या तालुक्यात ती कागदावर तरी आहे का, तहसीलला माहिती अधिकारात विचारा. अर्जाचा मसुदा मी करून देते, इथेच टाकते उद्या.


हिंगणा_वर्कशॉप

सगळ्यांचे आभार, आणि उशिरा लिहितोय त्याबद्दल माफ करा, मधे डिस्पॅच होता.

अजनीवाले काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला. काल प्लेटिंगवाल्याकडे परत गेलो. दोनच टाक्या आहेत. आमच्या मालाची ट्रायव्हॅलंट, झाकण लावलेली, पुण्याचा ऑडिटर येतो तेव्हा हीच दाखवतात. पलीकडे शेडच्या कोपऱ्यात दुसरी, इथल्या ग्रिल-गेटवाल्यांच्या मालाची, त्यात तेच नारिंगी पिवळं पाणी. माणूस वाईट नाही हो तो, बारा वर्षांपासून ओळखतो. म्हणाला, साहेब, तुमच्या मालाला किलोमागे दीड रुपया जास्त मिळतो म्हणून परवडतं, ग्रिलवाला दहा पैसे पण जास्त देत नाही. मी विचारलं दोन्ही मिळून एका टाकीवर आणलं तर, तर म्हणे केमिकल एकत्र घेतलं तर थोडं स्वस्त पडेल पण सुरुवातीचे लाख-सव्वा लाख कुठून आणू, आणि धुण्याचं पाणी साफ करायचं छोटं युनिट वेगळंच.

आज मालकांशी बोललो. पुण्याच्या एक्स्पोर्टरला पत्र लिहायचं ठरलं, की तुम्ही अकरा पानं विचारलीत ती आम्ही भरून दिली, आता बारावं आम्ही जोडतो, त्यात धुण्याचं पाणी कुठे जातं ते लिहू आणि ते साफ करायच्या खर्चात तुमचा आणि जर्मनीच्या पार्टीचा वाटा किती ते तुम्ही लिहा. मालक आधी नको म्हणत होते, ऑर्डर जाईल म्हणून. मग मी मोबाईलमधला त्या दगडांचा फोटो दाखवला, ते बराच वेळ पाहत बसले, मग म्हणाले मसुदा कर.

राख_आणि_अंगण ताई, बारावं पान हा शब्द तुमचा घेतलाय, चालेल ना? आणि कायद्याच्या ताई, कोळंबीच्या निकालातलं ते मुदत आणि तंत्राचं वाक्य मला पत्रात घालायचं आहे, नीट कसं लिहायचं ते सांगाल का, सोमवारी मेल जाणार आहे.